ग्लुकोमीटरच्या पट्टीमागचा माणूस : डॉ. लेलँड क्लार्क

सकाळी चहाच्या आधी तुम्ही बोटाच्या टोकाला टोचता, रक्ताचा थेंब पट्टीच्या कडेला लावता आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत मीटरवर साखर दिसते. 118 आली तर बरे वाटते, 240 आली तर रात्रीची पुरणपोळी आठवते. त्या पाच सेकंदांत पट्टीच्या आत नेमके काय घडले, हा प्रश्न बहुतेकांना पडत नाही. काहींना मात्र पडतो. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहींमध्ये असे दोन-चार जण नेहमी असतात. त्यांच्याकडे दोन-तीन कंपन्यांचे मीटर असतात. ते एकाच थेंबावर सगळे चालवून बघतात, संगणकावर तक्ते करतात आणि तपासणीच्या खोलीत शिरल्याबरोबर विचारतात, "डॉक्टर, हा 152 म्हणतो आणि हा 171, खरे कोणाचे?"

आजचा लेख अशा चौकस मंडळींसाठी आहे. उत्तर द्यायचे तर एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगावी लागते. तुमच्या हातातली पट्टी ज्या तत्त्वावर चालते ते त्यांनी शोधले. गंमत अशी की सुरुवातीला ते साखर मोजायला निघालेच नव्हते.

ओहायोतले छोटे गाव

लेलँड क्लार्क यांचा जन्म 4 डिसेंबर 1918 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात झाला. रसायनशास्त्राची पदवी त्यांनी 1941 मध्ये ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज गावच्या अँटिऑक कॉलेजातून घेतली. या कॉलेजची पद्धत आपल्या ओळखीची नाही. तिथे काही महिने वर्गात शिकायचे आणि काही महिने बाहेर खरी नोकरी करायची, असा अभ्यासक्रमच होता. हाताने काम करणारी मुले तिथे तयार होत. पुढे 1944 मध्ये रोचेस्टर विद्यापीठातून पीएच.डी. करून क्लार्क यलो स्प्रिंग्जला परतले. तिथल्या फेल्स संशोधन संस्थेत मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास चाले. तिथे ते जीवरसायनशास्त्राचे काम पाहू लागले.

ते एमबीबीएससारखी पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्या नावामागचे 'डॉ.' पीएच.डी.चे आहे. पण त्यांनी घडवलेल्या वस्तू ऑपरेशन थिएटरपासून तुमच्या स्वयंपाकघराच्या फडताळापर्यंत पोचल्या.

1940 च्या दशकाच्या शेवटी जगभरातल्या शल्यचिकित्सकांपुढे एक अडचण होती. हृदय उघडून आतले दोष दुरुस्त करायचे तर तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसे यांचे काम बाहेरच्या यंत्राने करायला हवे. पंप बनवणे त्यामानाने सोपे होते. अवघड होते ते फुप्फुस. रक्तात सरळ ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले तर रक्त ऑक्सिजन घेते, पण साबणाच्या पाण्यासारखा फेस होतो. तो फेस शरीरात गेला तर रक्तवाहिन्यांत हवा अडकून माणूस दगावेल. क्लार्क यांनी यावर साधा उपाय काढला. फेस मोडणाऱ्या सिलिकॉनचा लेप दिलेल्या पृष्ठभागावरून रक्त वाहू द्यायचे. फेस फुटतो, रक्त स्वच्छ लाल होऊन खाली उतरते. हे काम 1950 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले. सहलेखक होते फ्रँक गोलान आणि व्ही. बी. गुप्ता. हे शेवटचे आडनाव वाचताना मला दर वेळी थोडे थांबायला होते.

मोजता येत नसेल तर छापणार कसे?

यंत्र तर झाले. पण रक्तात ऑक्सिजनचा दाब किती झाला हे दाखवायला सोयीचे साधनच नव्हते. क्लार्क यांच्या बाबतीत एक किस्सा नेहमी सांगितला जातो. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन तुम्ही मोजू शकत नाही, म्हणून लेख छापता येणार नाही, असे त्यांना एका संपादकाने कळवले. मग त्यांनी आधी मोजण्याचे साधन बनवायचे ठरवले.

इथे थोडे विज्ञान, पण घाबरू नका. प्लॅटिनमची तार द्रावणात बुडवून तिला ठरावीक ऋण विद्युतदाब दिला (साधारण 0.6 ते 0.7 व्होल्ट), की तारेपाशी येणारा ऑक्सिजन तिच्याकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि बारीकसा प्रवाह वाहतो. जितका ऑक्सिजन, तितका प्रवाह. हे आधीपासून माहीत होते. साध्या पाण्यात ते चालत होते, पण रक्तात तार घातली की प्रथिने आणि पेशी तिच्यावर चिकटत आणि थोड्या वेळात आकडा भलतीकडे जाई. कढईच्या बुडाला दूध लागते तसे समजा.

क्लार्क यांनी आधी तारेवर सेलोफेनचे आवरण घालून पाहिले. सिगारेटच्या पाकिटावरचा पारदर्शक कागद त्यांनी त्यासाठी वापरला, असे सांगतात. मला ही गोष्ट खरी वाटते, कारण हातात येईल त्या वस्तूने प्रयोग करणाऱ्या माणसाचे हेच लक्षण आहे. त्याने पेशी बाहेर राहिल्या, पण अडचण पूर्ण सुटली नाही. वीज वाहायला दोन ध्रुव लागतात. एक ध्रुव पडद्याच्या आत आणि दुसरा बाहेर रक्तात ठेवला की मधला रस्ता रक्तातूनच जातो, आणि रक्त बदलले की मापही बदलते.

1954 च्या ऑक्टोबरात त्यांना सुचले ते इतके साधे आहे की वाचून हसू येते. दोन्ही ध्रुव पडद्याच्या आतच ठेवायचे. आत स्वतःचे खारे द्रावण, बाहेरून पॉलिथिलीनचा पातळ पडदा. ऑक्सिजन पॉलिथिलीनमधून आरपार जातो. पाणी, क्षार, प्रथिने, पेशी बाहेर राहतात. आता बाहेर रक्त असो, दूध असो की तळ्याचे पाणी, आतल्या बाजूला काही फरक पडत नाही. 1956 मध्ये त्यांनी हे वैज्ञानिकांसमोर मांडले. 'क्लार्क इलेक्ट्रोड' हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

तुमच्या घरचे कोणी अतिदक्षता विभागात असताना मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन 'एबीजी' केल्याचे तुम्ही ऐकले असेल. त्या अहवालातला ऑक्सिजनचा आकडा आजही बहुतेक यंत्रांत क्लार्क यांच्याच कल्पनेतून येतो. करोनाच्या काळात घरोघरी पोचलेला बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र वेगळा. तो प्रकाशावर चालतो आणि वेगळी गोष्ट मोजतो. मत्स्यशेतीत, सांडपाण्याच्या प्रकल्पांत पाण्यातला ऑक्सिजन मोजायलाही हाच इलेक्ट्रोड गेला. यलो स्प्रिंग्जमध्येच 1948 मध्ये सुरू झालेली वायएसआय ही उपकरणांची कंपनी या कामात क्लार्क यांच्या जोडीला होती. गाव छोटे, कॉलेज, संस्था आणि कंपनी चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी सुचलेले संध्याकाळी लेथवर बनवून बघता येत असेल, तर शोध लागायला मदतच होते.

ऑक्सिजनकडून साखरेकडे

1958 मध्ये क्लार्क अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यविभागात गेले. आता ते हृदयाच्या शस्त्रक्रियांच्या अगदी शेजारी होते. टेबलावर पडलेल्या रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन किती हे सतत कळते आहे, तर बाकीच्या गोष्टी का कळू नयेत, असा पुढचा प्रश्न होता. साखरेचे माप तेव्हा प्रयोगशाळेत जाई आणि उत्तर येईपर्यंत रुग्णाची स्थिती बदललेली असे.

ग्लुकोजवर थेट वीज चालवून ते ओळखणे अवघड. पण निसर्गात एक विकर आहे, ग्लुकोज ऑक्सिडेज. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या किंवा सूक्ष्मजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. ग्लुकोज ऑक्सिडेज बुरशीपासून मिळते. ते रक्तातल्या शेकडो पदार्थांमधून ग्लुकोज निवडते, त्याचे ग्लुकोनिक आम्लात रूपांतर करते आणि त्या कामात ऑक्सिजन खर्च करते. ऑक्सिजन मोजायचे साधन क्लार्क यांच्याकडे होतेच. मग इलेक्ट्रोडच्या टोकावर दोन पातळ पडद्यांच्या मध्ये या विकराचा थर ठेवला की काम झाले. रक्तात साखर जास्त असेल तर विकर ऑक्सिजन जास्त खाईल आणि आतल्या तारेला कमी पोचेल. प्रवाह जितका घटला, तितकी साखर.

1962 मध्ये न्यूयॉर्क विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात चॅम्प लायन्स यांच्यासोबत त्यांनी ही कल्पना छापली. लेखाचा विषय होता हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी सतत देखरेख करणारे इलेक्ट्रोड. घरच्या मधुमेहीचा त्यात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. आज जैवसंवेदक म्हणजे बायोसेन्सर या शास्त्राची सुरुवात या लेखापासून मोजतात.

चौकस वाचकांनो, त्या मांडणीतला एक भाग नीट पाहा. ऑक्सिजन घटला म्हणजे साखर वाढली, असे धरले तर मुळात रक्तात ऑक्सिजनच कमी असेल तेव्हा काय? यंत्र फसेल, साखर नसताना साखर दाखवेल. म्हणून क्लार्क यांनी दोन इलेक्ट्रोड वापरायचे ठरवले. एकावर विकर, दुसऱ्यावर नाही. दुसरा फक्त मूळचा ऑक्सिजन सांगतो, आणि दोन्हींतला फरक म्हणजे साखर. थेंबात साखरेशिवाय आणखी काय काय आहे याचा हिशेब त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवला होता. पुढे त्यांनी दुसरी वाटही काढली. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. घटणाऱ्या ऑक्सिजनऐवजी हे वाढणारे पेरॉक्साइड मोजले तर काम अधिक सोपे होते. या तत्त्वावर वायएसआयने 1975 मध्ये रक्तातली साखर मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याला 25 मायक्रोलिटर रक्त पुरे, म्हणजे एका छोट्या थेंबाएवढे. मात्र ते टेबलावर ठेवायचे, महाग आणि प्रयोगशाळेतच शोभणारे होते.

याच घराण्यातली पुढची वायएसआय यंत्रे कित्येक वर्षे एक वेगळे काम करत राहिली. नवीन ग्लुकोमीटर बाजारात आणण्यापूर्वी तो किती अचूक आहे हे तपासताना त्याचा आकडा या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहत. म्हणजे तुमच्या मीटरच्या खोक्यावर अचूकतेची जी ग्वाही छापलेली असते, तिच्या मागेही बऱ्याचदा क्लार्कच उभे असतात.

मधली वीस वर्षे

मग 1962 ची कल्पना घरात पोचायला वेळ का लागला? त्या काळात घरी साखर बघायची म्हणजे लघवी तपासायची. तुमच्या आजी-आजोबांना मधुमेह असेल तर स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि बेनेडिक्टचे निळे द्रावण त्यांना आठवत असेल. नळी तापवली की रंग निळा राहिला तर ठीक, हिरवा, पिवळा, नारिंगी झाला तर साखर वाढत चाललेली, आणि विटकरी झाला की घरात शांतता. पण लघवीत साखर साधारण 180 च्या वर गेल्यावर उतरते. साखर खाली किती गेली, हे लघवी कधीच सांगू शकत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला जीवघेणी असते ती हीच बाजू.

1970 च्या सुमारास रक्तासाठी पहिला हाती मीटर आला. तो क्लार्क यांच्या तत्त्वावर नव्हता, पट्टीचा रंग प्रकाशाने वाचत असे. पट्टीवर थेंब ठेवायचा, घड्याळ लावून बरोबर एक मिनिट थांबायचे, पाण्याने धुवायचे, टिपायचे आणि मग यंत्रात घालायचे. वजन किलोच्या वर. तो डॉक्टरांसाठीच होता. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका मधुमेही अमेरिकन इंजिनिअरने डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर तो मिळवला. दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून त्यांनी आहार आणि इन्सुलिन यांचे गणित बसवले. डॉक्टरमंडळी ऐकेनात, तेव्हा मध्यम वयात ते स्वतः वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. घरी मीटर घेऊन तक्ते करणाऱ्या रुग्णाला मी कधी हसत नाही, त्याला हे एक कारण आहे.

विजेवर चालणारी पट्टी घरात आली 1987 मध्ये. पेनाएवढा मीटर आणि वापरून फेकायची पट्टी. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीन नावाचा लोहयुक्त पदार्थ वापरला होता. विकराने ग्लुकोजकडून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन फेरोसीन पट्टीवरच्या ध्रुवापर्यंत पोचवतो. त्यामुळे प्लॅटिनमची तार गेली, धुणे-पुसणे गेले, रंग वाचणे गेले. छापखान्यात छापावी तशी प्लास्टिकवर कार्बनची पट्टी छापता येऊ लागली. पण विकराचा थर, पुढे ध्रुव आणि प्रवाह मोजून साखर सांगणे हा गाभा क्लार्क यांचाच राहिला. आजच्या पट्टीला एक मायक्रोलिटरहूनही कमी रक्त लागते.

मग 152 खरे की 171?

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. दोन्ही खरे असू शकतात. घरगुती मीटरसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष (आयएसओ 15197, 2013 चा) असा आहे: साखर 100 किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरातली पंचाण्णव मापे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के आत हवीत, आणि 100 पेक्षा कमी असेल तर 15 मिलिग्रॅमच्या आत. खरी साखर 160 असेल तर 136 ते 184 मधले काहीही निकषात बसते. म्हणून दोन मीटरमधल्या वीस आकड्यांच्या फरकावर रात्रभर जागू नका, आणि त्यावर औषध तर अजिबात बदलू नका.

पण काही चुका अशा आहेत ज्या मीटर दर वेळी एकाच दिशेने करतो, आणि त्या धोक्याच्या. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ यायचे. यंत्रांचा नाद, वहीत रोजच्या चार नोंदी, आलेख रंगीत पेन्सिलींनी काढलेले. दोन महिने त्यांची उपाशीपोटीची साखर 170-180 दिसत होती. मीटर बदलला, तरी तेच. दोन्ही यंत्रे एकच सांगतात म्हणजे खरेच असणार, असे धरून त्यांनी मला न विचारता ग्लिमेपिराइडची गोळी दुप्पट केली. एका पहाटे घामाने भिजलेल्या अवस्थेत, असंबद्ध बोलत असताना मुलगा त्यांना घेऊन आला. साखर पार खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते भानावर आले. नंतरच्या तपासणीत हिमोग्लोबिन 7 च्या आसपास निघाले. मूळव्याधीचे रक्त जात होते, ते त्यांनी संकोचाने सांगितले नव्हते.

रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की पट्टीवर त्याच थेंबातून जास्त द्रव विकरापर्यंत पोचतो आणि बहुतेक मीटर साखर खरी असते त्यापेक्षा जास्त दाखवतात. दोन मीटर एकमेकांशी जुळले, कारण दोघेही एकाच कारणाने फसत होते. वही माझ्यासमोरही दर महिन्याला येत होती. प्रयोगशाळेतला आकडा एकदा शेजारी ठेवून बघायला मी दोन महिने आधी सांगायला हवे होते.

म्हणून यंत्रांशी खेळायची आवड असेल तर हा प्रयोग करा: पुढच्या वेळी प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त द्याल तेव्हा मीटर सोबत न्या आणि शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत बोटाचा थेंब मीटरवर तपासा. उपाशीपोटीच करा, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते. फरक 15 टक्क्यांच्या बाहेर आला तर डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिनची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका आहे की मधुमेही बाईंच्या बाबतीत मी हे आता विचारायचे सोडत नाही. मीटरच्या कंपनीचे कंट्रोल द्रावण मिळत असेल तर त्यानेही पट्ट्यांची परीक्षा करता येते, पण त्या द्रावणाला रक्तक्षय होत नाही, हे ध्यानात असू द्या.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आंबा सोलून किंवा गूळ चिरून हात न धुता टोचले तर बोटावरची साखर मोजली जाते. 'क' जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत शिरेतून दिले जात असेल तर बरेच मीटर आकडा फुगवून सांगतात. ग्लुकोज ऑक्सिडेजवर चालणारे मीटर रक्तात ऑक्सिजन फार कमी असताना साखर जास्त दाखवू शकतात, म्हणजे क्लार्क यांना 1962 मध्ये जी अडचण दिसली होती ती अजून पुरती गेलेली नाही. काही पट्ट्यांत दुसरे विकर असते, त्यांना ऑक्सिजनचा त्रास नाही. पण त्यांतला एक प्रकार माल्टोजलाही ग्लुकोज समजतो. पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन द्रावण वापरणाऱ्या रुग्णांत यामुळे साखर खोटी वर दिसून, इन्सुलिन जास्त दिले जाऊन मृत्यूही झाले आहेत. अशा रुग्णांनी पट्टी कोणती चालेल हे डायलिसिस केंद्रातच विचारावे.

आणि पट्ट्यांची डबी. तिच्यातले विकर हे प्रथिन आहे, दमट हवा आणि उष्णता त्याला बिघडवतात. डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो तो यासाठीच. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात झाकण उघडे ठेवू नका, गॅसजवळच्या फळीवर डबी ठेवू नका, आणि स्वस्त मिळतात म्हणून सुट्या पट्ट्या कागदात बांधून आणू नका.

उंदीर, तेल आणि कातडीखालची सुई

क्लार्क यांच्याविषयी आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1966 मध्ये त्यांनी आणि गोलान यांनी ऑक्सिजनने भरलेल्या फ्लुरोकार्बन द्रवात उंदीर पूर्ण बुडवले. उंदीर द्रवच श्वासात घेत राहिले आणि जगले. कृत्रिम रक्ताची आशा त्यातून निर्माण झाली. या कुळातले एक औषध 1989 मध्ये अमेरिकेत मर्यादित वापरासाठी मंजूरही झाले, पण टिकले नाही. क्लार्क या विषयाच्या मागे आयुष्यभर राहिले. माझ्या मते त्यांचे हे सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कमी उपयोगी पडलेले काम आहे.

1968 मध्ये ते सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाच्या संशोधन केंद्रात आले आणि 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तिथे ग्लुकोज संवेदक शरीराच्या आत ठेवता येईल का, हे त्यांनी प्राण्यांमध्ये करून पाहिले. 2005 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना पाच लाख डॉलरचे रस पारितोषिक दिले. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला, वयाच्या 86 व्या वर्षी, ते वारले.

आज दंडावर नाण्याएवढी चकती लावून कित्येक दिवस सतत साखर सांगणारे सेन्सर आपल्याकडेही मिळतात. कातडीखाली जाणाऱ्या त्या केसाएवढ्या तंतूच्या टोकावर विकराचा थरच असतो. पण तो रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटे मागे चालते. जेवल्यावर किंवा चालून आल्यावर साखर झपाट्याने बदलत असते, तेव्हा हा फरक मोठा होतो. शिवाय काही सेन्सर पॅरासिटामॉल घेतल्यावर साखर जास्त दाखवतात. तुमचा कोणता, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा. सेन्सर 110 म्हणत असेल आणि तुम्हाला घाम, थरथर, धडधड जाणवत असेल, तर हात धुऊन बोटाचा थेंब तपासा. मीटर जवळ नसेल तर त्याची वाट न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.